हे कोण भरणार?

महादेवी शेटकार मॅडमच्या खुर्चीला चाकं नव्हती. लातूरच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वरच्या मजल्यावर आम्ही, बाकी सगळ्यांना फिरत्या, मागे रेलणाऱ्या खुर्च्या होत्या. मॅडमची मात्र लग्नाच्या मंडपात असते तशी पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची होती. कोणी नवीन माणसानं विचारलं तर त्या म्हणायच्या, "चाकाच्या खुर्चीवर माणूस बसल्या बसल्या लांब जातंय. मला एका जागी काम हाय."

ऑफिसात सगळे त्यांना अक्का म्हणत. उदगीरकडच्या लिंगायत घरांत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि तिथूनच ते नाव त्यांच्याबरोबर आलं होतं. आमचे साहेब वयानं त्यांच्यापेक्षा मोठे, पण तेही अक्काच म्हणायचे. मला ते कधी जमलं नाही. मी नांदेडची, इंग्रजी शाळेत शिकलेली. आमच्या शाळेत बाईंना 'मिस' म्हणायची सवय, आणि घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची सवय. त्यामुळे शेवटपर्यंत मी त्यांना मॅडमच म्हटलं. इथे लिहिताना मात्र अक्का म्हणणार आहे. कागदावर तेवढं धाडस करता येतं.

त्या मला नावानं हाक मारत नसत. "ए नांदेड, चहा आलाय बघ." "नांदेडला इचारा, तिला ठाऊक असंल." कोणी हसलं तर त्या आणखी गंभीर चेहरा करून म्हणायच्या, "हसायलाव काय? आख्खा जिल्हा बसवलाय मी इथं."

गळ्यात चांदीच्या चौक्यात, म्हणजे छोट्या डबीत, इष्टलिंग असायचं, ओढणीखाली झाकलेलं. एखादी वेबसाइट लोकांसाठी सुरू करायची वेळ आली की त्या ओढणीवरूनच ते दोन बोटांनी दाबायच्या, डोळे स्क्रीनवरच. मी एकदा बघताना सापडले. "भीतीनं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "सवय हाय." माउसखाली गादी नसायची, त्यांच्या वडिलांचा, आप्पांचा, एक मोठा पांढरा रुमाल घडी घालून ठेवलेला असायचा. निळ्या काठाचा. दुपारी त्याच रुमालावर धपाट्याचा डबा उघडायचा, जेवण झालं की खाली झेरॉक्सच्या दुकानाबाहेर झटकायचा, आणि पुन्हा माउसखाली.

कोड वाचताना त्या पुटपुटायच्या. आमच्या कामाची भाषा इंग्रजी, पण त्या वाचायच्या मराठीत, आणि तेही भांडण सोडवायला बसल्यासारखं. "तू आलास कुठनं? बरं. मग तुला आत कोणी घेतलं?" सुरुवातीला मला वाटायचं त्या फोनवर बोलतायत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि एका वाचनालयाच्या वेबसाइटमधली सभासदाची नोंद उघडली. नोंदीत रकाने होते.

"हे नाव. हे कोण भरणार?"

"यूजर," मी म्हणाले.

"म्हंजे कोण?"

"जो फॉर्म भरेल तो."

"येणारा म्हण की मग. पुढं. ही सभासदत्वाची मुदत. कोण भरणार?"

"आपण. म्हणजे, ग्रंथपाल."

"आन् ही नोंद झाल्याची तारीख?"

मी गप्प बसले. चुकलं तर काय, या भीतीनं मी शाळेतही अशीच गप्प बसायचे.

"ही कोणीच भरत न्हाई. ही घड्याळ भरतंय," अक्का म्हणाल्या. "प्रत्येक रकान्याला एक धनी असतो बघ. येणारा, न्हाई तर आपण, न्हाई तर घड्याळ. नवा रकाना केला की आधी धनी इचारायचा. हे कोण भरणार? बाकीचं शिकवायला लई लोक हायत इंटरनेटवर."

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते सांगायला हवं, कारण अक्का समजून घ्यायच्या तर तो समजून घ्यावा लागेल. वेबसाइटवर आपण फॉर्म भरतो तेव्हा प्रत्येक चौकोनाला आतून एक नाव असतं. आपण बटण दाबलं की ती नावं आणि त्यांत लिहिलेलं सगळं तिकडच्या संगणकाकडे जातं. तिथे आम्ही जे फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा, वापरतो ते नावं जुळवतं आणि ज्या त्या गोष्टी नोंदीच्या ज्या त्या रकान्यात नेऊन बसवतं. याला मॉडेल बाइंडिंग म्हणतात. फार सोयीचं आहे. हातानं एकेक ओळ लिहावी लागत नाही. अडचण एवढीच, की नोंदीत रकाने जास्त असतात आणि फॉर्मवर चौकोन कमी. वाचनालयाच्या फॉर्मवर मुदतीचा चौकोन नसतो. पण थोडी माहिती असलेला कोणीही आपल्या ब्राउझरमध्ये एक चौकोन वाढवू शकतो, त्याला मुदतीचं नाव देऊ शकतो, आणि हवी ती तारीख लिहून पाठवू शकतो. फ्रेमवर्क बिचारं इमानदारीनं ती मुदतीच्या रकान्यात नेऊन ठेवतं. तू कोण, असं विचारत नाही. म्हणून असे रकाने वगळावे लागतात. रकान्याच्या डोक्यावर कोडमध्ये एक छोटी खूण लिहायची: हे बाहेरून भरू नये. अक्का त्या खुणेला पाटी म्हणायच्या. "याला पाटी लाव. त्याला लावलीस का पाटी?"

हे त्यांना कॉलेजात कळलं नव्हतं. ते गिरणीत कळलं होतं.

उदगीरला आप्पांची पिठाची गिरणी होती. लोक दळणाचा डबा आणून ठेवायचे, डब्यावर नाव त्यांचं त्यांनी लिहिलेलं असायचं, आणि आप्पा झाकणावर खडूनं नंबर टाकायचे. नाव तुमचं, नंबर माझा, असा सरळ कारभार. एक दिवस आप्पा कुठेतरी गेले होते आणि लहानगी महादेवी गिरणीवर बसली होती. एक बाई डबा घेऊन आल्या. झाकणावर नंबर आधीच होता, सगळ्यांत पुढचा. महादेवीनं नंबर वाचला आणि दळायला घेतलं. दळून झालं तेव्हा आप्पा परत आले. ज्यांचा खरा पहिला नंबर होता ते गृहस्थ बाहेर पायरीवर बसून होते. लाजेनं काही बोलले नव्हते.

"आप्पांनी त्या बाईला एक शब्द बोललं न्हाई," अक्का सांगायच्या. "पायरीवरच्या मामांची माफी मागितली, त्येंचं फुकट दळून दिलं. दुसऱ्या दिवशी पत्र्याचे बिल्ले करून आणले, आकडे ठोकलेले. मला म्हणले, खडू कोणाच्याबी खिशात असतो, महादेवी. बिल्ला आपल्याच खिळ्याला असतो."

हे त्या नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. माझ्यासमोरच तीनचारदा सांगितलं असेल. दर वेळी त्या पायरीवरच्या मामांचा चेहरा करून दाखवायच्या, आणि दर वेळी आम्ही हसायचो. नंबर लिहून आणणाऱ्या बाईचा चेहरा त्यांनी कधी करून दाखवला नाही.

मी कामाला लागून काही महिने झाले होते. कुठेतरी वाचलं होतं, की वगळायच्या रकान्यांना खुणा करत बसण्यापेक्षा घ्यायचे तेवढेच रकाने मोजून सांगावेत. म्हणजे ज्याचं नाव घेतलं नाही ते आपोआप बाहेर राहतं. दोन दिवस वाक्य मनात जुळवून मी ते अक्कांना म्हणाले. बहुधा फार हळू म्हणाले.

"घ्यायचं लई असतं, नांदेड, आन् सोडायचं थोडकं," त्या स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या. "थोडकं असलं की ध्यानात राहतं."

मी "हो मॅडम" म्हणाले आणि जागेवर गेले. त्यांच्या ध्यानात खरंच राहायचं. त्यांनी लिहिलेल्या जुन्या वेबसाइटी मी उघडून बघितल्या होत्या; एकही पाटी चुकलेली नव्हती.

एकदा कामासाठी आम्हां दोघींना नांदेडला जायचं होतं. लातूरच्या स्टँडवर एसटी लागली तशी गर्दी धावली. मी लहानपणापासून जे करत आले ते केलं: खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकला. आमच्याकडे रुमाल पडला की सीट झाली. मग सावकाश चढा. रुमालावर कोणी बसत नाही. बसलंच तर भांडायचा हक्क तुमचा. मी पहिल्यांदाच अक्कांसाठी काहीतरी केलं होतं आणि मला जरा अभिमानही वाटत होता.

अक्का दारातून रांगेनं चढल्या. माझ्या सीटपाशी आल्या, रुमालाकडे बघितलं, आणि वरचा दांडा धरून उभ्या राहिल्या.

"बसा ना मॅडम. दोघींची आहे."

"तू बस. मी बाहेरनं हात घालून बसत न्हाई."

"अहो, सगळेच टाकतात."

"तेच म्हणायले मी. खडू सगळ्यांच्या खिशात हाय."

मागून एक म्हातारबा म्हणाले, "बाई, बसायचं नसंल तर आम्हाला तरी बसू द्या, माणसं पडायलीत." अक्कांनी त्यांना माझ्या शेजारी बसवलं आणि अहमदपूरपर्यंत उभ्या राहिल्या. मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होत्या, रागावल्या नव्हत्या. तरी मी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते.

पुढचं जे आहे ते एका वसतिगृहाबद्दल आहे. लातूरला शिकायला येणाऱ्या मुलींसाठी एका संस्थेनं चालवलेलं. खोल्या थोड्या, येणाऱ्या मुली खूप. गुण आणि गावाचं अंतर बघून यादी लागायची आणि यादीप्रमाणे खोली मिळायची. ती वेबसाइट अक्कांची होती. मंजुरी, यादीतला क्रम, खोली, सगळ्यांवर पाट्या.

प्रवेश सुरू व्हायच्या तोंडावर संस्थेनं सांगितलं, आणखी एक रकाना हवा. अग्रक्रम. ज्या मुलीचे वडील नाहीत, किंवा घरी फारच अडचण आहे, अशा मुलीला वॉर्डनबाई यादीच्या आधी खोली देऊ शकतील. त्या दिवसांत आप्पा उदगीरला दवाखान्यात होते. अक्का सकाळी ऑफिसात येऊन दुपारच्या बसनं उदगीरला जायच्या. त्यांनी सकाळी तो रकाना वाढवला, वॉर्डनबाईंच्या पानावर त्याची चौकट केली, चालतंय ते बघितलं, आणि पिशवी उचलून बसला गेल्या. जुन्या सगळ्या रकान्यांवर पाट्या होत्या. पण नवा रकाना जन्मतो तो पाटीशिवायच जन्मतो.

कॉलेजं सुरू होऊन मुली राहायला आल्या. वॉर्डनबाईंना संस्थेला द्यायला एक तक्ता हवा होता: अग्रक्रम कुणाकुणाला दिला आणि कुणी दिला. ते काम माझ्याकडे आलं. सगळ्यांपुढे वॉर्डनबाईंचं नाव होतं. एका नावापुढे काहीच नव्हतं. अश्विनी, गाव मुखेड. अग्रक्रम हो, आणि देणारं कोणी नाही.

मी अक्कांना दाखवलं. तेवढंच मी केलं. ते माझं काम होतं, आणि मी चुकले असं तेव्हाही कोणी म्हणालं नाही, आजही कोणी म्हणणार नाही.

अक्कांनी माउसखालचा रुमाल काढला, झटकला, पुन्हा घडी घातली. "हे कोण भरणार, ते मी इचारलंच न्हाई या बारीला," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "तू म्हणली होतीस, नांदेड. घ्यायचं तेवढंच लिहावं म्हणून."

मला वाटत होतं त्यांना ते ऐकू गेलं नसेल. त्यांनी ते विसरायला हवं होतं.

मी म्हणाले, "कुणाला कळणार नाही, मॅडम. आता पाटी लावून टाकू." हे वाक्य मात्र मी मोठ्यानं म्हणाले.

त्यांनी यादी उघडली आणि अश्विनी आली नसती तर ती खोली कुणाला मिळाली असती ते बघितलं. लोह्याची एक मुलगी होती. अक्कांनी तिला फोन लावला. वसतिगृहाच्या वेबसाइटच्या कामाचं सांगून, कुठे राहतेस बाळ, एवढंच विचारलं. ती नात्यातल्या कुणाच्या घरी स्वयंपाकघरात झोपत होती. सगळ्यांची जेवणं झाली की मग तिला अंथरूण घालता यायचं. अक्का "बरं, बरं" म्हणत ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी पिशवी घेतली. "चल, नांदेड."

वॉर्डनबाईंनी अश्विनीला बोलावून घेतलं. बारीक, काळीसावळी मुलगी, हाताला पेनाची शाई. आली ती हसत आली. तिला वाटलं खोलीचा पंखा दुरुस्त करायला कोणी आलंय. अक्कांनी तिला शेजारी बसवलं.

"काय केलंस ते सांग की. मी रागवत न्हाई."

मुलीनं आमच्या तिघींकडे बघितलं. मग सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज खुलत गेला, भीती विसरून. "फॉर्म पाठवला की परत जे येतंय ना मॅडम, आतमधलं, तेच्यात सगळं दिसायलंय. माझं नाव, गाव, मार्क. खाली अग्रक्रम, आन् त्येच्यापुढं नाही. फॉर्मवर तर कुठंच इचारलं नव्हतं. मी म्हणलं, इचारलं न्हाई तर आपणच सांगावं. एक चौकोन वाढवला आन् परत पाठवला."

"आणि काय सांगितलंस?" वॉर्डनबाई म्हणाल्या. "वडील नाहीत म्हणून?"

"न्हाई. निस्तं हो."

अक्कांच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच थांबलं. मला ते दिसलं. एखाद्या विद्यार्थिनीचं गणित बरोबर आलं की मास्तरांना येतं तसं ते हसू होतं.

"मी काई तोडलं न्हाई, मॅडम," अश्विनी म्हणाली. "जागा होती, भरली."

"ती जागा तू भरायची नव्हती, बाळा."

"मग तसं लिहायचं की तिथं."

वॉर्डनबाई उसळून काहीतरी बोलणार होत्या. अक्कांनी हात वर केला. "बरोबर बोलायली ती," त्या म्हणाल्या. "लिहायचं होतं. लिहिणारी मीच होते."

मग अक्कांनी जे केलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्या वॉर्डनबाईंना विनवायला लागल्या. लोह्याच्या मुलीला खोली द्या, ते हक्काचं आहे. पण हिलाही ठेवा. व्हरांड्यात खाट टाका. चूक माझी आणि हिची, दोघींची आहे, शिक्षा एकटीला कशी? वॉर्डनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी संस्थेला फोन केला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलल्या, आणि परत येऊन मान हलवली. आज हिला ठेवलं तर उद्या सगळ्याच असं करतील, असं तिकडचं म्हणणं होतं.

"मग माझ्या घरी राहू दे," अक्का म्हणाल्या. "मी एकलीच हाय. दोन खोल्या हायत."

दुसऱ्या दिवशी मुखेडहून मुलीचे वडील आले. आठवडी बाजारांत कटलरीचं दुकान लावणारे गृहस्थ. क्लिपा, रिबिनी, आरसे. त्यांनी वॉर्डनबाईंपुढे हात जोडले, मग अक्कांपुढेही. अक्का घरी राहण्याचं बोलल्या तशी त्यांनी मान खाली घातली.

"तुमचे लई उपकार, मॅडम. पण चोरी केली म्हणून काढलेलं लेकरू दुसऱ्याच्या घरी कोणत्या तोंडानं ठिऊ? माणसं इचारतील."

"चोरी न्हाई केली तिनं."

"मग काढायलाव कशामुळं?"

मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी दाराजवळ उभी होते आणि हातातला मोबाइल बघत होते, त्यात काहीही नव्हतं.

"हुशार हाय म्हणून शिकवायलो," ते गृहस्थ जाताना म्हणाले, अक्कांना नव्हे, आपल्याशीच. "हुशारी अशी निघंल म्हणून वाटलं न्हाई."

अश्विनीनं लोखंडी ट्रंक एका बाजूनं धरली, वडिलांनी दुसऱ्या बाजूनं. रिक्षात बसताना तिनं एकदा मागे बघितलं. अक्कांकडे नाही. माझ्याकडे. तिला कुणी सांगितलं होतं की नाही, की त्या तक्त्यात कोरी जागा आधी मला दिसली, ते मला ठाऊक नाही.

लोह्याची मुलगी त्याच संध्याकाळी राहायला आली. तिनं अक्कांना फोन करून आभार मानले. अक्का "बरं, बरं" म्हणाल्या, तशाच.

नंतरचे आठवडे अक्का फार कमी बोलल्या. कोड वाचतानाचं पुटपुटणं बंद झालं. त्यांनी आपल्या जुन्या सगळ्या वेबसाइटी एकेक करून उघडल्या, वाचनालयापासून, आणि पाट्या काढून टाकल्या. त्याऐवजी बाहेरून येणाऱ्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक वेगळी, छोटी नोंद केली. तिच्यात येणाऱ्यानं भरायचे तेवढेच रकाने. बाकीचे तिथे नाहीतच. नसलेल्या रकान्यात कोण काय भरणार? मी दोन दिवस जुळवून म्हटलेलं तेच हे होतं, फक्त नीट केलेलं. साहेब म्हणाले, "अक्का, कोणी मागितलंय का हे? बिल कुणाच्या नावानं फाडू?" अक्का म्हणाल्या, "कुणाच्याच न्हाई."

त्या दिवसांत एकदाच त्या माझ्याशी कामाबाहेरचं बोलल्या. आप्पा दवाखान्यातून घरी आले होते. अक्का त्यांना भेटून आल्या होत्या. धपाट्याचा डबा उघडून बसल्या, खाल्लं नाही.

"आप्पांना इचारलं मी," त्या म्हणाल्या. "ती खडूवाली बाई, पुढं काय झालं तिचं?"

त्या रुमालाचा निळा काठ सरळ करत राहिल्या.

"म्हणले, परत आलीच न्हाई आपल्या गिरणीवर. पार तिकडं नाक्यावर जायची दळायला. डोक्यावर डबा घेऊन." त्यांनी डबा बंद केला. "आप्पांना ठाऊक होतं. मी इतकी वर्षं मामांचा चेहरा करून दाखवायले लोकांना."

मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. निदान अक्का म्हणून हाक तरी मारायला हवी होती. मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

शेवटची वेबसाइट झाली तशी त्यांनी राजीनामा दिला. साहेबांनी खूप समजावलं. त्या कोणावर चिडून गेल्या नाहीत, रडल्याही नाहीत. अहमदपूरला एका कॉलेजात संगणक शिकवायला लागल्याचं नंतर कळलं; मुखेड तिथून फार लांब नाही. जाताना रुमाल घेऊन गेल्या. खुर्ची ठेवून गेल्या. त्यांच्या जागी काम करायला साहेबांनी मला सांगितलं, आणि मी ती खुर्चीही ठेवून घेतली. हलत नाही, हे खरं आहे.

मी त्यांना फोन करेन म्हणत राहिले. दर रविवारी नांदेडहून लातूरला येताना गाडी अहमदपूरला थांबते, तेव्हा हटकून आठवायचं. एकदा नंबर काढला, आणि काय बोलायचं ते जुळवत बसले. जुळेपर्यंत गाडी सुटली.

मग पुढच्या जूनमधला एक रविवार. कॉलेजं उघडायचे दिवस, गाडी लोह्यापासूनच भरत आलेली. अहमदपूरच्या स्टँडवर गर्दी दारावर तुटून पडली. माझ्या पुढच्याच सीटवरून एक बाई उतरायला उठल्या, आणि त्या उठतायत तोच खिडकीच्या गजांतून एक हात आत आला आणि रिकाम्या जागेवर रुमाल पडला. मोठा, पांढरा, निळ्या काठाचा.

मी बघत राहिले. हात निघून गेला. थोड्या वेळानं अक्का दारातून चढल्या. केस जरा जास्त पांढरे झाले होते. त्यांच्यामागे लोखंडी ट्रंक ढकलत अश्विनी. अक्कांनी गर्दीतून वाट काढत तिला त्या सीटपर्यंत आणलं.

"बस. धरली तुझ्यासाठी."

अश्विनीनं रुमालाकडे बघितलं. "मला न्हाई बसायचं तिथं."

"बस की. लांब हाय लातूर."

"ऱ्हाऊ द्या, अक्का. यंदा हॉस्टेलच्या यादीत नाव आलंय माझं. उभी राहिले म्हणून काय होतंय?" ती रागानं बोलली नाही. पण बसली नाही. "तुम्ही बसा."

अक्कांनी वरचा दांडा धरला. त्याही बसल्या नाहीत.

दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, ट्रंक पायांशी. गाडी सुटली. एवढ्या गर्दीत ती एक जागा रिकामी होती आणि तिच्यावर तो रुमाल. कोणी बसेना, कारण रुमाल होता. अक्कांची पाठ माझ्याकडे होती. हात लांबवला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता.

शेवटी एक म्हातारबा पुढे सरकले. रुमाल चिमटीत उचलून त्यांनी आजूबाजूला विचारलं, "कोणाचा हाय हा?"

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. अश्विनी ट्रंकेकडे. म्हातारबांनी माझ्याकडेही बघितलं. मी मान खाली घातली.

त्यांनी थोडी वाट बघितली. मग रुमालाची नीट घडी घातली, ती खिडकीच्या गजात अडकवली, आणि बसले. चाकूर येईपर्यंत तो तिथे वाऱ्यानं फडफडत होता. कोणी मागितला नाही.